पोरगा काही सांगू पाहतोय : प्लंबर मिस्त्रींना खुलं पत्र

हाताखाली पोरं घेऊन काम करणाऱ्या सर्व मिस्त्रींना,

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यातलाच एक. पाना हातात धरून एकतीस वर्षं झाली, त्यातली पहिली सहा हेल्पर म्हणून काढली. पाईप कसा कापायचा, आटे कसे पाडायचे, जॉइंट कसा बसवायचा हे तुम्हाला सांगायला हे पत्र नाही. ते तुम्हाला माझ्याइतकंच येतं, काहींना माझ्याहून चांगलं येतं. तुमच्या शेजारी पाना देत उभा राहणाऱ्या पोराविषयी लिहायचं आहे. त्याआधी माझ्या एकोणिसाव्या वर्षातली एक सकाळ सांगतो.

स्वयंपाकघरातलं सिंक तुंबलं होतं. वस्ताद खाली जाऊन मेन कॉक बंद करून आले. मी नेहमीसारखा सिंकखाली पाठीवर आडवा झालो आणि बॉटल ट्रॅपला, म्हणजे सिंकखालच्या पाणी अडवून धरणाऱ्या वाटीला, हात घातला. ट्रॅप कोमट लागला. ताप आलेल्या माणसाचं कपाळ लागतं तसा. तुंबलेलं पाणी थंडगार असतं, एवढं तोवर मला कळत होतं. मग हा गरम कसा? प्रश्न ओठांपर्यंत आला आणि मी तो गिळला. वस्तादांना काम चालू असताना मधे बोललेलं खपत नसे. मी नट फिरवला. दोन-तीन आट्यांतच ट्रॅपची खालची वाटी सुटली आणि आतलं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं, थोडं उडून उजव्या डोळ्यात गेलं.

घरच्यांनी आम्ही यायच्या अर्धा तास आधी तुंबलेली नळी मोकळी करायची पावडर ओतली होती. म्हणजे कॉस्टिक सोडा. त्यांनी सांगितलं नाही, कारण त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. डोळा धुवायला मी चाचपडत नळ सोडला तर नळाला थेंब नाही. मेन कॉक आम्हीच बंद केला होता. वस्ताद जिन्यावरून धावत खाली गेले, कॉक सोडला, पाणी वर चढलं. यात किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. डॉक्टर म्हणाले की अशा वेळी प्रत्येक मिनिट मोलाचं असतं. उजव्या डोळ्याने मला आजही धूसर दिसतं.

वस्तादांवर माझा राग नाही. ते रात्रभर दवाखान्याच्या बाकावर बसून होते, सकाळी त्यांनीच मला घरी सोडलं. त्यांना त्यांच्या वस्तादांनी जसं शिकवलं तसं त्यांनी मला शिकवलं. पण ट्रॅप गरम आहे हे माझ्या हाताला कळलं होतं, मिस्त्री. नट फिरवण्याच्या आधी कळलं होतं. फक्त तोंड उघडायची मुभा नव्हती.

म्हणून माझी एकच विनंती आहे. पोराला बोलू द्या, आणि तो बोलला की हातातलं काम थांबवा.

आपल्या कामातल्या बहुतेक अपघातांना आधी काहीतरी खूण दिसते. ती खूण बहुतेक वेळा पोराला पहिली कळते, कारण सिंकखाली, टाकीत, चरात आधी तो उतरतो. आपण वरून हुकूम देतो. त्याचा हात, नाक, कान आपल्यापेक्षा दोन फूट पुढे असतात.

नळी मोकळी करायच्या औषधांचंच घ्या. त्यात दोन जाती आहेत. एक कॉस्टिकची, दुसरी तेजाबाची, म्हणजे सल्फ्युरिक अॅसिडची. दोन्ही पाण्याला भेटली की तापतात आणि उसळतात. तेजाबाने भाजलं की लगेच आग होते, माणूस हात झटकतो. कॉस्टिक मात्र कातडीवर आधी नुसतं बुळबुळीत लागतं, साबणासारखं, आणि तोवर ते आत शिरत असतं. डोळ्यात तर ते तेजाबापेक्षा खोल जातं. म्हणून निदान पंधरा मिनिटं सलग धारेखाली डोळा उघडा धरून धुवायचा, आणि मग दवाखाना. ‘दोन शिंतोडे मार आणि चल’ असं कुणालाही सांगू नका. घरच्यांनी आधी एक औषध ओतलं असेल आणि आपण वरून दुसरं ओतलं, तर त्याच्याइतका वाईट घोटाळा नाही. ब्लीचवर तेजाब पडलं की क्लोरीन वायू निघतो. अमोनिया असलेल्या क्लीनरवर ब्लीच पडलं तरी विषारी वायू निघतो. बंद न्हाणीघरात गुडघ्यावर बसलेल्या माणसाला उठून दारापर्यंत जाणंही मुश्कील होतं. ट्रॅप खोलण्याआधी ‘आत काय ओतलंत?’ हा प्रश्न घरच्यांना तुम्ही विचारता तसा पोरालाही विचारू द्या. त्याने विचारला म्हणून तुमचा मान कमी होत नाही.

आता चेंबर आणि टाकी. इथे मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण इथे माणूस भाजत किंवा मोडत नाही, सरळ जातो.

मैल्याच्या चेंबरमध्ये हायड्रोजन सल्फाइड साठतो. हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी बसतो. सडक्या अंड्याचा वास सगळ्यांना माहीत आहे, आणि तिथेच आपण फसतो. दहा लाख भागांत एक भागाहून कमी असला तरी नाकाला कळतो. पण हेच प्रमाण शंभरावर गेलं की काही मिनिटांत नाक बधिर होतं आणि वास ‘गेला’ असं वाटतं. सातशे-हजाराच्या घरात एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो. आत उतरलेला पोरगा खालून ओरडून सांगतो, ‘मिस्त्री, आता वास नाही येत,’ आणि वर उभा असलेला मिस्त्री म्हणतो, ‘बरं झालं, चालू दे.’ ते वाक्य ऐकलं की पुढचा शब्द एकच असला पाहिजे : वर ये.

पिण्याच्या पाण्याची टाकी स्वच्छ, म्हणून तिथली हवाही चांगली, हा आपला दुसरा गैरसमज. आपण घेतो त्या हवेत २०.९ टक्के प्राणवायू असतो. १९.५ टक्क्यांच्या खाली गेला की ती जागा धोक्याची धरतात. बरेच दिवस झाकून राहिलेल्या लोखंडी टाकीत गंजच प्राणवायू खाऊन टाकतो. वास नाही, रंग नाही, काही नाही. माणूस शिडीवरून उतरतो, दोन-चार श्वास घेतो आणि पाय गळतात. टाकीला आतून नुकताच लेप दिला असेल तर त्याची वाफ वेगळीच. उरलेलं पाणी उपसायला पेट्रोलचा पंप आत किंवा तोंडाशी ठेवला तर त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड. काही जण अजून पेटती काडी किंवा मेणबत्ती दोरीने आत सोडून हवा पाहतात. कृपा करून हे बंद करा. चेंबरमधला मिथेन हवेत ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असला की ठिणगीने स्फोट होतो, आणि ज्योत जळत राहिली म्हणजे हायड्रोजन सल्फाइड नाही असा अर्थ होत नाही. हवा पाहायला गॅस मीटर लागतो, तो वर, मधे आणि तळाशी अशा तिन्ही जागी सोडावा लागतो, आणि माणूस आत असेपर्यंत चालू ठेवावा लागतो. ब्लोअरने ताजी हवा सोडावी लागते. मीटर नसेल तर ते काम आपलं नाही. ज्याच्याकडे साधनं आहेत त्याला बोलवा.

आणि आत कुणी पडला तर? अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या कामगार-सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या संस्थेने १९८६ साली बंदिस्त जागांमधल्या मृत्यूंबद्दल इशारा छापला होता. त्यात नोंद होती की मेलेल्यांपैकी ६० टक्क्यांहून जास्त माणसं वाचवायला उतरलेली होती. आधी पोरगा पडतो, मग त्याच्यामागे मिस्त्री उडी मारतो, मग तिसरा कुणीतरी. माया असते म्हणून उतरतो आपण, मला ठाऊक आहे. पण उतरणाऱ्याच्या अंगात पट्टा आणि पट्ट्याला दोर आधीच बांधलेला असेल, वर दोर अडकवायला तीन पायांचं तिकाटणं आणि ओढायला माणूस असेल, तरच वरच्याला काही करता येतं. वरच्या माणसाने कुठेही जायचं नाही, फोन घ्यायलासुद्धा नाही. त्याला साफ सांगून ठेवा : तू आत यायचं नाहीस, मी पडलो तरी यायचं नाहीस, ओढ आणि मदत बोलाव.

यापुढचं सांगताना मला जड जातं, कारण यात चूक माझी आहे.

मी मिस्त्री होऊन चार-पाच वर्षं झाली होती. एका जुन्या इमारतीत लोखंडी जीआय पाईप काढून प्लास्टिकचा टाकायचा होता. माझ्या हाताखालचा मुलगा घोड्यावर, म्हणजे कामाच्या उभ्या शिडीवर, चढला, पाईपला हात लावला आणि म्हणाला, ‘दादा, पाईप चावतोय.’ मी खालून म्हणालो, ‘हात ओले असतील, पुसून घे.’ त्याने हात पँटला पुसले आणि पुन्हा पाना लावला. दुसऱ्यांदा त्याला झटका बसला आणि तो घोड्यावरून मागे पडला. मनगट दोन ठिकाणी मोडलं. डोकं भिंतीला घासून गेलं, आपटलं असतं तर आज हे पत्र मी लिहिलं नसतं. गीझरचं एलिमेंट फुटलं होतं आणि करंट पाईपभर फिरत होता. तीन महिने त्या मुलाला पाना धरता आला नाही. ज्या वागणुकीने माझा डोळा अधू झाला तीच वागणूक मी त्याला दिली होती.

म्हणून पाईपला हात लावताच मुंग्या आल्या तर त्या नुसत्या मुंग्या नव्हेत, करंट आहे, असंच धरा. दहा-पंधरा मिलिअँपिअरला स्नायू आवळतात आणि पकडलेला पाईप सोडता येत नाही. त्याच्या चार-पाच पटीत हृदयाचा ठोका बिघडतो. ओल्या अंगाला हे घडायला फार काही लागत नाही. गीझरचा स्विच बंद करणं पुरेसं नसतं. बोर्डावरून लाईन काढा, आणि टेस्टर आधी चालू पॉइंटवर लावून तो जिवंत आहे का पाहा, मग पाईपवर. हातातल्या मशिनींना आरसीडी, म्हणजे ३० मिलिअँपिअर करंट गळला की आपोआप लाईन तोडणारा स्विच, असू द्या. आणखी एक गोष्ट आपल्यातल्या पुष्कळ जणांच्या लक्षात येत नाही. जुन्या घरांत वायरमनने लोखंडी पाईपलाच अर्थिंग दिलेलं असतं. आपण तो पाईप मधून कापला की दोन तोंडांपैकी एका तोंडावर अर्थिंग तुटतं. कापलेली दोन्ही टोकं दोन हातांत धरणारा माणूस मग स्वतःच तार होतो. कापण्याआधी दोन्ही बाजूंना जाड तांब्याच्या तारेचा जम्पर क्लॅम्पने घट्ट बसवा. आणि मधला तुकडा प्लास्टिकचा टाकून कायमचं तोडणार असाल तर वायरमनला बोलावल्याशिवाय घरच्यांच्या हवाली करू नका. आपण गेल्यावर त्या घरातल्या बाईमाणसांना, मुलांना नळ चावायला नको.

गीझर आणि बॉयलरच्या सेफ्टी व्हॉल्व्हबद्दल एकच सांगतो. तो ठिबकतो म्हणून त्याच्या तोंडाला प्लग मारू नका. कितीही गिऱ्हाईक मागे लागलं तरी नाही. थर्मोस्टॅट अडकला तर आतलं पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही दाबाखाली पाणीच राहतं. टाकी फाटली की त्यातलं काही पाणी एका क्षणात वाफ होतं, आणि एक लिटर पाण्याची साधारण १,७०० लिटर वाफ होते. नुसतं ६० अंशांचं पाणीही पाचेक सेकंदांत खोलवर भाजतं, तेव्हा गीझर उतरवण्याआधी थंड होऊ द्या, रिकामा करा. पोराला ‘वरून धर’ म्हणताना त्यात अजून किती पाणी आहे ते तुम्हाला माहीत पाहिजे.

प्रेशर टेस्टला हवेचा कॉम्प्रेसर लावणाऱ्यांना मात्र मला हात जोडावेसे वाटतात. पाणी दाबलं जात नाही, म्हणून जॉइंट सुटला तर पाणी फसकन येतं आणि दाब संपतो. हवा स्प्रिंगसारखी दबून बसते. प्लास्टिकचा पाईप हवेने फुटला की त्याचे तुकडे गोळीसारखे उडतात. पाणी भरा, वरच्या टोकाने अडकलेली हवा पूर्ण काढा, मग पंप मारा. आणि पोराला जॉइंटला नाक लावून गळती बघायला पाठवू नका.

चर खणताना काठाला बारीक भेग दिसते, मातीची चिमूट-चिमूट घरंगळते. खाली वाकलेल्या पोराला ती मानेवर जाणवते. एक घनमीटर माती दीड टनाच्या आसपास भरते. छातीपर्यंत दबलेल्या माणसाचं तोंड मोकळं असलं तरी छाती फुगवता येत नाही, तो श्वास कोंडून जातो. पाच फुटांहून खोल चराला आधाराच्या फळ्या हव्यात किंवा बाजू उतरत्या कापायला हव्यात, माती काठापासून दोन फूट लांब टाकायला हवी, शिडी हाताशी हवी. माती भुसभुशीत असेल, पाऊस झाला असेल तर कमी खोलीलाही हेच.

ग्राइंडरने भिंत कापताना जी पांढरी धूळ उडते तिच्यातली सर्वांत बारीक धूळ दिसतच नाही. तीच फुफ्फुसात उतरते आणि सिलिकोसिस होतो, त्यावर औषध नाही. पाणी सोडत कापा, आणि रुमाल नव्हे, नाकाला घट्ट बसणारा मास्क द्या. जुना सिमेंटचा राखाडी पत्रा किंवा पाईप असेल तर त्यात अॅसबेस्टॉस असू शकतं, त्याला ग्राइंडर लावूच नका. गॅसच्या टॉर्चने जॉइंट डाखल्यावर लगेच सामान आवरू नका, भिंतीच्या आत लाकूड तासाभरानेही पेट घेतं. पाईप चिकटवायच्या सोल्युशनची वाफ जमिनीलगत पसरते आणि भडकते. डक्टमध्ये डबा उघडा ठेवून बाजूला ग्राइंडर चालवणारे मी पाहिले आहेत.

तुमच्यातले काही म्हणतील, असं दर दहा मिनिटांनी थांबलो तर काम कधी व्हायचं? गिऱ्हाईक डोक्यावर उभं असतं, दुसऱ्या साइटवरून फोन येत असतात. मला हे मान्य आहे. घाईच्या दिवशी पोराच्या प्रश्नाने माझंही डोकं तापतं. पण हिशोब करून पाहा. टेस्टर लावायला अर्धं मिनिट. ‘आत काय ओतलंत’ विचारायला तेवढंच. त्या मुलाचे तीन महिने माझ्यामुळे गेले, आणि त्या तीन महिन्यांत दुसरा हेल्पर शिकवून तयार करायला मला किती वेळ लागला ते मी मोजलंय.

पोरं घाबरट होतील, असंही म्हणतात. मला उलटा अनुभव आहे. ज्याला विचारायची सवय असते तो पोरगा दोन वर्षांत स्वतंत्र साइट सांभाळतो, कारण त्याला ‘का’ माहीत असतं. नुसता हुकुमावर चालणारा आपण नसताना चुकतो, आणि आपण नसतानाच तर त्याला पुढे काम करायचं आहे. एक मात्र खरं, पोरगा पहिल्या दिवशी बोलणार नाही. ‘काही वाटलं तर सांग’ असं म्हणून भागत नाही. मी असं करतो : काम सुरू करण्याआधी त्यालाच विचारतो, ‘यात काय वाकडं होऊ शकतं?’ तो गप्प राहिला तरी मी पाना उचलत नाही. तीन-चार दिवसांत तो काहीतरी बोलतो. ते चुकीचं असलं तरी मी थांबतो, बघतो, आणि मग चालू करतो. चुकीच्या शंकेला एकदा हसलात की बरोबरची शंका तुमच्यापर्यंत येणार नाही.

मैल्याच्या पाण्यात काम करणाऱ्या पोराला नंतर ताप आला तर ‘थंडी भरली असेल’ म्हणून सोडू नका. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो, तो कातडीवरच्या ओरखड्यातून अंगात शिरतो. ताप दोन दिवसांनी येऊ शकतो, तसा चार आठवड्यांनीही. पोटऱ्या ठणकतात, डोळे लाल होतात. वेळेत औषध मिळालं तर बरा होतो. पण डॉक्टरला कसं कळणार की हा गटारात उतरला होता? ते त्याने सांगायला हवं, तो विसरला तर तुम्ही सांगा. धनुर्वाताची लस झाली आहे का, हे कामावर घेतानाच विचारा. गमबूट आणि कोपरापर्यंतचे हातमोजे त्याच्या मापाचे द्या. तुमचे जुने दिलेत तर ते त्याच्या हातातून निसटतात आणि तो काढून ठेवतो.

त्या घोड्यावरून पडलेल्या मुलाने नंतर स्वतःचं काम सुरू केलं. त्याच्याही हाताखाली आता दोघं आहेत. मागच्या महिन्यात एका साइटवर भेट झाली. त्याचा हेल्पर गीझरखाली उभा होता, हात वर नेला आणि थांबला. म्हणाला, ‘दादा, टेस्टर द्या ना.’ तो काही न बोलता वाकला, पेटीतून टेस्टर काढला, आधी बोर्डावर लावून पाहिला आणि मग त्या पोराच्या हातात दिला.

आपला,
पाना धरणारा एक मिस्त्री

ता. क. मेन कॉक बंद करण्याआधी एक स्वच्छ बादली काठोकाठ भरून कामाच्या जागेपासून हातभर अंतरावर ठेवायला पोराला सांगा. पाणी ओतायचा मगही जवळ ठेवायला विसरू नका. सिंकखाली हात घालण्याआधी ती भरली आहे का, हे तुम्ही स्वतः बघा.